आडव्या विटेएवढी उंची

आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांचे गुडघे गेले तरी जीभ शाबूत होती, आणि त्या जिभेवर उठता-बसता एकच प्रश्न असायचा, "मला वरल्या रानात कवा नेताय?"

वरलं रान म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगाचं. आमची वस्ती सांगवीच्या शिवारात, कालव्याच्या खाली. खाली नजर टाकाल तिथं ऊस. कालव्याचा पूल ओलांडून चढ लागला की पाण्याचा संबंध संपतो आणि माळ सुरू होतो. तिथं आमची ज्वारी, बांधाला बोरी-बाभळी, आणि एका बाभळीखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. ते रान आत्यांनी नव्या नवरीच्या वयात सासऱ्यांच्या बरोबरीनं दगडं वेचून केलेलं. "ऊस कारखान्याचा, ज्वारी माझी," असं त्या म्हणायच्या, आणि त्यात गंमत अजिबात नसायची.

ज्वारी काढायच्या आधी म्हसोबाला पुरणपोळीचा निवद द्यायचा, हा आमचा रिवाज. गुडघे गेल्यापासून तो निवद घेऊन मी जात होते. परत आले की ओट्यावर उलटतपासणी ठरलेली.

"दिलास?"

"दिला की."

"तू दिलास गं, पण त्यानं घेतला का?"

"कावळा आला व्हता, आत्या."

"कावळा काय, दहाव्याला बी येतो."

त्यांचं म्हणणं साधं होतं. म्हसोबा त्यांना ओळखतो, मला ओळखत नाही. मला त्याचा राग यायचा, आणि राग गिळून मी पुन्हा कणकेत हात घालायची. पण त्या एकट्या ओट्यावर बसून वरच्या चढाकडं बघत बसायच्या ना, ते मला बघवायचं नाही.

अडचण वाटेची होती. वस्तीपासून कालव्यापर्यंत उसातून पाणंद जाते. कारखाना सुरू झाला की उसानं भरलेल्या ट्रॉल्या तिच्यावरून जातात, काळ्या मातीत दोन्हीकडं खोल चाकोऱ्या पडतात, आणि मधोमध वरंबा उभा राहतो. थंडीत तो वरंबा वाळून दगड होतो. एकदा माझ्या नवऱ्यानं आईला मोटरसायकलवरून न्यायचं धाडस केलं. चाक चाकोरीत घसरलं आणि मायलेकरं उसात आडवी झाली. कोपर खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, पण "मला पोत्यासारखं आदळलं" हे आजतागायत ऐकायला मिळतं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी माझे चुलत सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते म्हणाले, "वहिनी, चार पोरं बोलावतो, बाजेवर घालून उचलून नेऊ."

आत्या म्हणाल्या, "चार जणांनी उचलायचं त्या दिवशी मी न्हाय म्हणणार न्हाय. तवर मी माझ्या पायानं चढणार."

तात्या पायताण घालून घराकडं निघाले.

म्हणून आम्ही जीप घेतली. नवरा बारामतीला दुकानात, शेती आणि स्टिअरिंग माझ्याकडं, असा आमचा संसार. लोणी भापकरच्या एका ओळखीच्या माणसाच्या शेडमध्ये जुनी, चारही चाकं ओढणारी जीप धूळ खात पडली होती. इंजिन ठणठणीत, पत्रा जाड, दारं नाहीत. मला ती बघताक्षणी आवडली. आत्यांना बसवण्याआधी आपण एक फेरी मारून बघू म्हणून मी एकटीच पाणंदीत घातली. उसाच्या मध्यावर पोचले, खालून खर्रकन आवाज आला आणि गाडी वरंब्यावर पोट टेकून बसली. चारही चाकं फिरताहेत, गाडी जागची हलत नाही. तात्यांनी ट्रॅक्टर लावून मला मागं ओढलं आणि जाताना म्हणाले, "सूनबाई, कशापायी हा खटाटोप? तिला काय तितं आता पेरणी करायचीय व्हय?"

मी गाडी घरी आणली. पण तात्यांच्या त्या बोलण्यानं माझं डोकं जे फिरलं, ते शेवटपर्यंत फिरलेलंच राहिलं.

गाडी उंच करायची, हे ठरलं. आता आमच्या भागात पाट्यांविषयी, म्हणजे गाडी ज्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांवर बसते त्यांच्याविषयी, माणसाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे वजन. जिकडंतिकडं उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं गॅरेजवाल्यांचं डोकंही टनातच चालतं. बारामतीच्या ज्या गॅरेजमध्ये आमच्या वस्तीच्या ट्रॉल्या जातात, तिथंच आम्ही जीप नेली. मिस्त्रीनं विचारलं, "माल किती भरणार?"

"एक म्हातारी," मी म्हणाले.

तो हसला, पण काम त्यानं ट्रॉलीचंच केलं. जुन्या पाट्यांवर जाड पाटे चढवले, आणि मीही मान डोलावली, कारण मीसुद्धा उसातलीच. जीप चांगली सहा-सात बोटं उंच झाली. नवरा तिच्याभोवती फिरून फिरून बघत होता. "आता कशी रुबाबदार दिसतीय," म्हणाला. मलाही तसंच वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

रुबाब पाणंदीपर्यंत टिकला. ट्रॉलीचे पाटे दोन टन लादल्यावर दबतात. जीपमध्ये मी एकटी. ते पाटे माझ्यासाठी कशाला दबतील? गाडी मारक्या म्हशीसारखी उडायला लागली. एक चाक वरंब्यावर गेलं की समोरचं दुसरं हवेत. शेजारच्या सीटवर ठेवलेला नारळ उडून उसात गेला. आणि एवढं करून, मध्यावर पोचल्यावर खालून तोच आवाज, खर्रर्र.

घरी आले तर खरी फजिती पुढंच होती. आत्या तयार होऊन अंगणात उभ्या होत्या. गाडी आल्याचं बघून त्या काठी टेकत पुढं आल्या, कडीला धरलं आणि पाय उचलला. पाय गाडीच्या काठापर्यंत पोचेना. पुन्हा उचलला. मी धरायला गेले तर माझा हात झटकला. मग त्या वळल्या, ओट्यावर जाऊन बसल्या आणि आमच्याकडं पाठ केली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "म्हसोबाला सांग, म्हणावं तिचं गुडघं गेलं."

ज्या बाईनं आयुष्यात कधी "ऱ्हाऊ दे" म्हटलं नाही, तिनं ते म्हटलं. मी गोठ्यात गेले आणि म्हशीच्या आडोशाला उभी राहून रडले. मग रडणं संपलं आणि संताप उरला. संताप मला नेहमीच जास्त उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात पोतं अंथरलं आणि जीपच्या खाली शिरले. नवरा म्हणाला, "अगं, मिस्त्रीला बोलवू." मी म्हणाले, "मिस्त्रीनं काय केलं तेच बगायचंय." बघितलं तर काय, गाडीच्या सांगाड्यावर जुनी धूळ तशीच बसलेली, तिला कशाचा स्पर्शही झालेला नाही. पण मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो डिफरन्शलचा लोखंडी गोळा असतो, तो खालून घासून नाण्यासारखा चकाकत होता, आणि त्याच्या बोल्टात वरंब्यावरचं गवत अडकलेलं.

मी पडल्या पडल्या मोठ्यानं हसले. पाटे चढवले की सांगाडा उंच होतो, वरची माणसं उंच होतात. पण तो गोळा चाकांच्या आसावर बसलेला. चाक जेवढं मोठं, तेवढाच तो वर. म्हणजे आम्ही जे उंच केलं ते घासतच नव्हतं, आणि जे घासत होतं ते होतं तिथंच होतं. गोळा उचलायचा तर मोठे टायर पाहिजेत, मोठे टायर आत बसायचे तर गाडी थोडी उंच पाहिजे, आणि वरंब्यावरून चालायचं तर पाटे मऊ पाहिजेत. ट्रॉलीच्या बरोबर उलटं. प्रश्न एवढाच उरला, की थोडी म्हणजे किती?

ते सांगणारं माणूस ओट्यावर पाठ करून बसलं होतं. मी गोठ्याच्या उरलेल्या विटांमधली एक वीट आणून आत्यांच्या पायापुढं आडवी ठेवली.

"हे काय?"

"हिच्यावर पाय ठेवा."

"येड लागलं का तुला?"

"ठेवा तर."

खांबाला धरून त्यांनी पाय ठेवला आणि चढल्या. सहज चढल्या. मी वीट कडेवर उभी केली. चढल्या, पण तोंडातून "आई गं" आलं. मी पुरती उभी करायला लागले तर म्हणाल्या, "तिच्यावर तूच चढ. आन कडंवरची बी नगं. मला कण्हत चढायचं न्हाय."

म्हणजे आडवी वीट. तेवढीच आमची मुभा. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, गोळा, टायर, पाटे. पण अंगणातून गाडीत चढायचं म्हटलं तर आडव्या विटेनं काय होणार, हे काही मला सुटत नव्हतं. आत्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"बैलगाडीत आमी कसं चढायचो? सपाटीला गाडी लावून कोन चढतं गं? रानात बांधाला लावायची, घरात ओट्याला लावायची. बांधावरनं सरळ गाडीत पाय."

मूळची जीप ओट्याच्या जवळजवळ बरोबरीला होती. वरच्या रानातला बांधही तेवढाच, मी मुद्दाम जाऊन बघून आले. नवऱ्याचं तरी एक म्हणणं होतंच, "मग ओटाच उंच करू की! गाडी आहे तशी राहू दे." त्याला ती उंच गाडी सोडवत नव्हती. मी विचारलं, "आन बांध? बांधाला हात लावला तर भावकी कोर्टात जाईल. ते चालंल का?" तो विषय तिथंच मिटला.

इंदापूरच्या अलीकडं हायवेला एक दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी डोंगरात गाड्या घालणाऱ्या पोरांसाठी ते उंची वाढवायचे किट विकतात. भिंतीवर ओळीनं किट टांगलेले, दोन इंची, तीन इंची, चार इंची, सहा इंची, आणि त्यांच्या वर खडकावर चढलेल्या जीपांचे मोठे फोटो. मालक घट्ट काळ्या टीशर्टात. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, नवऱ्याशी बोलायला लागला.

"चार इंची घ्या, साहेब. चाराखाली कुणी घेत नाही. दोन इंच तर दिसतपण नाही."

नवऱ्याची नजर चार इंचीवर खिळली होती.

"मला दिसायला नकोच हाय," मी म्हणाले.

आता त्यानं मान वळवली. "मॅडम, वापर काय? रॅली? ट्रॅक?"

"निवद."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी पिशवीतून वीट काढली आणि काउंटरवर ठेवली, त्याच्या चकचकीत काचेवर. दुकानात आलेली दोन-तीन पोरं जवळ सरकली. मी सांगितलं, की माझी सासू एवढंच चढू शकते आणि एक सूतही जास्त नाही. पाणंदीतला वरंबा असा आहे, घासतो तो गोळा, पुढचे-मागचे पाटे ट्रॉलीचे बसलेत ते काढायचे. चार इंची बसवलं तर पुढं स्टिअरिंगचे दांडे बदला, मागं शाफ्टचा कोन बदला, वळणावर गाडी झुलणार ती वेगळीच, हे सगळं मी चौकशी करून आले होते. आणि एवढं करून माझी सासू खालीच.

मालकानं वीट उचलली, उलटीसुलटी बघितली, पट्टी लावली. माणूस दिखाऊ होता पण धंद्यात पक्का होता. दोन इंची किट, पण मोकळ्या गाडीचे लांब, मऊ पाटे. त्याला जोडीचे लांब शॉकअप आणि ब्रेकचे पाइप. टायर एक नंबर मोठे, त्यानं गोळा दीड इंच वर. माणसं बसली की मऊ पाटे अर्धा इंच दबणार. बेरीज आली आडव्या विटेवर.

"बसतंय, मॅडम," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "चार इंची भारी दिसलं असतं, एवढं खरं." मी म्हणाले, "तुमची आई आत बसल्यावर ह्याच्याहून भारी दिसंल." त्यावर तो हसला, आणि माझाही राग उतरला.

काम झाल्यावर मी पुन्हा एकटीच पाणंदीत गेले. या खेपेला चाकोरीत उतरलेच नाही. डावी चाकं वरंब्याच्या माथ्यावर, उजवी उसाच्या कडेला, असं चालवलं. चाकं खाली-वर होत होती, पाटे वाकत होते, ताणत होते, आणि वरची गाडी मात्र शहाण्यासारखी सरळ. मध्यावर आले. कान खालीच लागलेले. आवाज नाही. मुद्दाम थोडी चाकोरीत घातली, गोळ्याच्या खालून वरंबा निघून गेला. मी एकटीच उसात "हुर्रर्र" करून ओरडले. पलीकडच्या फडातल्या तोडकरी बाया कोयता थांबवून बघायला लागल्या, आणि बघता बघता त्याही हसायला लागल्या.

निवदाच्या दिवशी जीप मागं घेत घेत ओट्याला चिकटवली. नवरा दुकानातून सुट्टी घेऊन मागं बसलेला, आणि तात्या ट्रॅक्टरची चावी बोटात फिरवत उभे. "ओढाय लागलं तर असावं म्हनून," म्हणाले. आत्यांनी हिरवं लुगडं नेसलेलं, डोईवर पदर घट्ट. त्यांनी ओट्यावरून कडी धरली, पाय उचलला आणि आत ठेवला. दुसरा पाय. बसल्या. ना कण्हणं, ना कुणाचा हात. मांडीवर निवदाचं ताट घेतलं आणि पुढं बघत म्हणाल्या, "हाण."

ताट हललंसुद्धा नाही असं म्हणणार नाही, पण पुरणपोळीवरची तुपाची वाटी सांडली नाही. कालव्याच्या अलीकडं समोरून भरलेली ट्रॉली आली. पूर्वी असतं तर मीच मागं गेले असते. मी डावीकडची चाकं उसाच्या बांधावर चढवली, गाडी कलली. मी आत्यांकडं बघितलं, घाबरल्या असतील म्हणून. त्या ट्रॉलीवाल्याला हातानं पुढं हो म्हणून खुणावत होत्या. पूल गेला, चढ लागला, खालच्या गियरमध्ये जीप गुरगुरत चढली, आणि माळावरचं वारं तोंडावर आलं. आत्यांचा पदर उडाला. त्यांनी तो सावरला नाही.

बांधाला गाडी लावली. त्यांनी बांधावर पाय टाकला आणि उभ्या राहिल्या. कणसं भरून वाकलेली ज्वारी चारी अंगाला. म्हसोबापुढं त्यांनी ताट ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले. मला राहवेना.

"घेतला का, आत्या?"

"गप. जेवतोय."

मग आम्हाला बाभळीखाली बसवून त्या काठी टेकत एकट्याच बांधानं निघाल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच थांबायच्या, एखादं कणीस हातात घ्यायच्या, पुढं जायच्या. नवरा उठायला लागला तर मी त्याचा सदरा धरून खाली बसवला. त्याचे डोळे भरले होते, माझेही. मी जिंकले होते. गाडीवर, वरंब्यावर, तात्यांवर, आणि थोडंसं त्या म्हसोबावरही. इतकं निव्वळ, भरभरून सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून आले तर ओट्यावर आत्यांच्या शेजारी तात्यांच्या घरच्या, माझ्या चुलत सासूबाई, बसलेल्या. धुतलेलं लुगडं, पायात चपला, हातात काठी. त्यांचे गुडघेही आत्यांच्या मागोमागच गेलेले, आणि त्यांचंही रान वरच, आमच्या बांधाला लागून. पण त्यांनी कधी कुणाला काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. तात्या अंगणाच्या कडेला उभे होते, पायानं उगाच एक ढेकूळ फोडत.

"काकी, निवदाचा दिस तर काल झाला," मी म्हणाले.

"निवद न्हाय गं द्यायचा," त्या खाली बघत म्हणाल्या. "मला नुसतं बगायचं हाय."

मी चावी आणायला आत गेले.